चार ओळींचं कार्ड

फायनलच्या परीक्षेत मराठीच्या पेपरात आमच्या जळगावच्या शाळेत माझा पहिला नंबर आला होता. त्या नंबराच्या जोरावर मी पुढे एका धडधाकट बाईला कागदावर मारून टाकलं. आता पिंप्राळ्याच्या घरात बसून हे मी हसत सांगत असेन असं कुणाला वाटेल. तसं नाही. अजून पोस्टमनने दारात "कार्ड आहे" म्हटलं की कार्ड हातात घेतल्यावर मी आधी अक्षर बघत नाही, मोकळी जागा किती सोडली आहे ते बघते.

आमच्या मराठीच्या बाईंचं एकच तुणतुणं होतं, पाल्हाळ नको. निबंधात एखादं वाक्य जास्त झालं की त्या तांबड्या पेन्सिलीने ते इतकं करकचून खोडायच्या की खालचं पान फाटायचं. दोन शब्दांत होणाऱ्या कामाला तिसरा शब्द लागला तर तो चोरीचा, असं त्या म्हणत. मी आधीच फटकळ. तशात असा गुरू मिळाला, म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. बाकीच्या मुली सूर्यास्ताच्या वर्णनात पाखरं, गाई, गुराखी, देवळातली घंटा असं सगळं घालत. मी तीन ओळींत सूर्य बुडवून मोकळी होई, आणि मार्क मलाच जास्त पडत. अर्थ म्हणजे धान्य आणि बोलण्याची तऱ्हा म्हणजे फोलपट, पाखडलं की झालं, असं माझं पक्कं मत होतं.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा लग्न होऊन मी भडगावच्या पलीकडे गिरणाकाठच्या एका खेड्यात आले. हे भडगावच्या शाळेत शिक्षक होते. सकाळी सायकलवर जात, ते दिवस कलताना परत येत. गावात सुनेला तिच्या माहेरच्या गावाने हाक मारायची पद्धत होती, म्हणून मी जळगाववाली. पण तिकडच्या बोलीत ळ चा य होतो, तेव्हा मी झाले "जयगाववाली". पहिले काही दिवस मला त्याचं हसू येई. गावातल्या बायकांत लिहिता-वाचता येणारी मी एकटीच होते, आणि त्या गोष्टीची घमेंड माझ्या चालण्यातसुद्धा उतरली होती असं सासूबाई म्हणत. खोटं नव्हतं ते.

आमच्या समोरच्या घरात अक्का राहायची. पन्नाशीची, काटक, नवरा तरुणपणीच गेलेला. एक मुलगा घरी शेती बघणारा आणि एक मुलगी शिंदखेड्याकडे दिलेली. अक्काचं तोंड सकाळी चूल पेटली की सुरू व्हायचं ते निजेपर्यंत. ती माणसांशी बोले, बकरीशी बोले, कोणी नसलं तर अंगणातल्या लिंबाशी बोले. मुलीला ती महिन्याला एक कार्ड धाडायची. ती कार्डं गावातले एक म्हातारे नाना लिहीत. नाना अक्काच्या तोंडून जे जे पडेल ते ते तिच्याच बोलीत लिहून काढायचे. कार्ड भरलं की कडेकडेने लिहायचे, तेही भरलं की पत्त्याच्या बाजूला घुसायचे. वाचणाऱ्याला कार्ड हातात गरगर फिरवावं लागे. एकदा मी ते पाहिलं आणि मनातल्या मनात तांबडी पेन्सिल काढली.

त्या वर्षी चैत्रात नाना धुळ्याला मुलाकडे राहायला गेले, आणि अक्का कोरं कार्ड घेऊन माझ्याकडे आली.

मुलीला आठवा महिना लागला होता. पहिलटकरीण. बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं, आणि खरं तर सातव्यातच तिला आणायची. मुलीला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. तो मान भावाचा. पण लाकडं फोडताना भावाच्या पायावर कुऱ्हाड पडली होती, त्यात तीन आठवडे गेले.

अक्का उंबऱ्यावर टेकली, हात मांडीवर ठेवले, आणि समोरच्या भिंतीकडे बघून बोलू लागली. मुलगीच तिथे बसली आहे अशा थाटात. बकरीला दोन पिल्लं झाली. दूध बठ्ठं, म्हणजे सगळं, तुझ्यासाठी राखलंय. लिंबाखाली खाट टाकलीय, तिला नवी दोरी भरलीय. भावाच्या पायावर कुऱ्हाड पडली, पण जखम भरत आलीय, जीव वर-खाली करू नको, तो येऊ शकत नाही, नाहीतर रांगत आला असता. तुमच्या गावचं वऱ्हाड पाचोऱ्याला यायचं आहे म्हणतात, त्यांची सोबत धर. वाटेत ऊन लागतं, पदरात कांदा बांध. उन्हं आणखी वाढायच्या आत, कार्ड आलं की निघ. बाकीचं आल्यावर, दोघी लिंबाखाली पडून पोटभर बोलू. आणि मग पुन्हा बकरी. एका पिल्लाचा कान पांढरा होता, तो किती पांढरा, ते.

पाऊण घटका ती बोलत होती. चुलीवर माझं वरण उतू चाललं होतं. मी मान हलवत होते आणि मनात पाखडत होते. मग मी जे लिहिलं ते मला आजही तोंडपाठ आहे. वर श्री, खाली आशीर्वाद, आणि पुढे: "तू तातडीने इकडे निघून यावेस. भाऊ न्यायला येऊ शकत नाही. सोबत पाहून पत्र मिळताच निघ. बाकी भेटीअंती."

चार ओळी. एकही शब्द खोटा नव्हता. मला वाटलं, बाईंनी हे पाहिलं असतं तर पाठीवर हात फिरवला असता.

अक्काने कार्ड हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कोरं आणि भरलेलं यातला फरक कुणालाही कळतो. ती म्हणाली, "येवढी जागा कसाले सोडी?" मी म्हटलं, माझं अक्षर बारीक आहे, अक्का, थोडक्यात मावतं. तिने "बठ्ठं लिखं ना?" असं विचारलं आणि मी हो म्हटलं. त्या वेळी ते मला खोटं वाटलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी ओट्यावर ज्वारी निवडत होते. समोर अक्का तिच्या अंगणात खाटेवर पापड वाळत घालत होती आणि कावळ्यांना शिव्या देत होती. आमच्या गल्लीतले एक शेतकरी, सगळे त्यांना भाऊ म्हणत, अमळनेरला बैलबाजाराला गेले होते, ते परत येत होते. गल्लीच्या तोंडाशी आले आणि थबकले. एक हात आमच्या भिंतीला टेकून ते अक्काकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं. मला वाटलं ऊन लागलं. पाणी आणून दिलं, तर तांब्या हातात तसाच धरून ते हळूच म्हणाले, "बाई, अक्का तं आठे शे."

मी म्हटलं, इथेच आहे, मग कुठे असणार?

मग त्यांनी सांगितलं ते असं. बाजारात त्यांना अक्काच्या मुलीचा चुलतसासरा भेटला. त्याने भाऊंचे दोन्ही हात धरले आणि अक्का गेल्याचं दुःख बोलून दाखवलं. भाऊंना काही कळेना. तो म्हणाला, कार्ड आलं की. दिराने वाचून दाखवलं, एकदा नाही, तीनदा. मुलीची सासू ऐकता ऐकता कपाळाला हात लावून खाली बसली. आमच्याकडे मुलीला आईबापाच्या मरणाची खबर सरळ देत नाहीत, वाटेत तिने काही करून घेऊ नये म्हणून. "निघून ये" एवढंच लिहितात. वर श्रीसुद्धा घालतात, मुद्दाम. भाऊ न्यायला येऊ शकत नाही. कसा येईल, तो सुतकात बसला आहे. बाकी भेटीअंती. बाकी काय असणार, सगळ्यांना कळलं. अक्षरही परकं. आणि सासू शेवटी जे म्हणाली ते त्याने भाऊंना तसंच्या तसं सांगितलं होतं: "अक्कानं कार्ड, आनि बकरीनं नाव नही?" अक्काचं कार्ड आणि त्यात बकरीचं नावही नाही, म्हणजे अक्काच नाही.

मुलीने तेव्हापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. परवा सकाळी तिला दिराबरोबर गाडीत बसवून दिली होती.

परवा. शिंदखेड्याहून जळगाव, तिथे गाडी बदलून पाचोरा, पाचोऱ्याहून मोटार. फार तर एका दिवसाची वाट. आज तिसरा दिवस होता, आणि समोर अक्का कावळ्यांना शिव्या देत होती.

खरं सांगते, पहिली भीती मला त्या मुलीची वाटली नाही, माझी वाटली. आता हे गावात कळणार. मास्तराची शिकलेली बायको, आणि हा तिचा पराक्रम. ही भीती मला घटकाभर पुरली, मग तिच्या खालून दुसरी वर आली. आठवा महिना. सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं गावातली प्रत्येक म्हातारी सांगे, आणि सांगताना आवाज खाली घेई. पोटात अन्न नाही, बाहेर चैत्राचं ऊन, आणि डोक्यात आई मेलेली. तिच्या डोक्यातली ती मेलेली आई मी लिहिली होती.

मी भाऊंच्या पाया पडले, दहाची मोटार येईपर्यंत कुणाला बोलू नका म्हटलं. मोटारीतून ती उतरली की सगळं मिटेल, चार दिवस हसतील लोक, हसोत. सासूबाईंनी माझं तोंड बघून काय झालं विचारलं, तर ऊन लागलं म्हणाले. घागर घेतली आणि पाण्याचा रस्ता सोडून फाट्याकडे गेले. सुनेने तिथे एकटीने जाऊ नये, पण तेव्हा मला त्याचं भान नव्हतं. बाभळीच्या तुटक सावलीत मी उभी राहिले. लांबून धूळ दिसली. देवा, एवढी उतरू दे, मी नवस बोलले, कुठल्या देवाला ते आठवत नाही. मोटार थांबली. दोन माणसं उतरली, त्यांनी टपावरून एक पोतं ओढून घेतलं, आणि मोटार गेली.

घागर रिकामीच घेऊन मी परत आले. अक्काने अंगणातून हाक मारली, पापडात मीठ बरोबर आहे का ते चाखून बघ म्हणाली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि जे होतं ते सांगितलं. सांगताना एक गोष्ट घडली. मला नेहमीसारखं थोडक्यात सांगता येईना. मी भाऊंचा तांब्या, चुलतसासऱ्याने धरलेले हात, बाभूळ, पोतं, सगळं सांगत सुटले.

अक्का ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हाताला लागलेलं पीठ तिने पदराला पुसलं आणि विचारलं, काय लिहिलं होतंस ते म्हण. मी त्या चार ओळी म्हटल्या. परीक्षेला उभी केल्यासारखी, खाली बघून. ती मान कलती करून ऐकत होती. संपलं तरी आणखी काही येईल म्हणून ती थांबली. मग म्हणाली,

"यामा मी कोठे शे?"

नंतर मला पुस्तकांवर पुष्कळ बोलावं लागलं, कारण पुढे मी शिक्षिका झाले, आणि लेखकाच्या शैलीवर मुलांना उत्तरं लिहून देणं हे माझं पोट भरण्याचं काम झालं. पण त्या विषयावर याहून मोठा प्रश्न मला कुणी विचारला नाही. 

पाचोरा स्टेशनला जायला अक्काच्या मुलाने लंगडत बैल जुंपले. अक्काने मला नुसतं "चाल" म्हटलं. मला वाटलं सासूबाई अडवतील. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आत जाऊन दोन कांदे आणले. एक तिच्या पदरात बांधला, एक माझ्या.

पाचोऱ्यापर्यंत अक्का एक शब्द बोलली नाही. बकरीशी बोलणारी बाई. गिरणेचं पात्र कोरडं पडलं होतं, वाळूत चाकं रुतली, तिचा मुलगा दुखऱ्या पायाने उतरून चाकाला खांदा लावू लागला, तरी ती त्याला सांभाळ म्हणाली नाही. माझ्या त्या कार्डावरची कोरी जागा आता माझ्यासमोर बसून होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. वाटेत झाडाखाली कुणी बाई बसलेली दिसली की मी गाडीतून वाकून बघे. ती नाही असं कळलं की आधी बरं वाटे आणि लगेच वाटे, मग ती कुठे आहे? विहीर दिसली की मी डोळे मिटून घेई. मुलीला मी माझ्या लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं. नाकात मोरणी होती, हसताना पदर तोंडावर घेत होती. सारखी ती मोरणी आठवत होती, आणि मला ती आठवायला नको होती.

ऊन तिरपं झालं तेव्हा पाचोरं आलं. स्टेशनाबाहेर लिंबाखाली एक तरुण माणूस गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. अक्काने गाडीतूनच त्याला ओळखलं, तो जावयाचा भाऊ. तिने हाक मारली. त्याने वर बघितलं, उभा राहिला, आणि दोन पावलं मागे सरकला. दिवसाढवळ्या, माणसांच्या गर्दीत, तो अक्काला भ्याला. तिने जवळ जाऊन त्याच्या दंडाला हात लावला तेव्हा तो मटकन खाली बसून रडू लागला. गाडीतच वहिनीला कळा सुरू झाल्या, तो म्हणाला. इथे दवाखान्यात आणलं. काल दुपारी मुलगी झाली. मूठभर आहे. डॉक्टर काही सांगत नाहीत.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. नर्सबाई आम्हाला दारातच म्हणाल्या, बाईने भिंतीकडे तोंड केलंय ते केलंय, बाळाला अंगाशी घेत नाही, औषध घेत नाही, अशाने दोन्ही जातील. कोपऱ्यात एका टोपलीत कापूस होता. आमच्या भागात कापसाला काय तोटा. त्या कापसात ते मूल गुंडाळून ठेवलं होतं, तोंड तेवढं बाहेर. तोंड म्हणायचं म्हणून. मी टोपलीकडे बघितलं आणि छाती हलते का ते बघत राहिले. हलत होती, मधूनच थांबत होती.

अक्काने मुलीला नावाने हाक मारली. मुलीची पाठ ताठ झाली. ती हळूहळू वळली, तिने बघितलं, आणि हातांवर जोर देऊन मागे भिंतीला जाऊन चिकटली. ओठ सुकून फुटले होते. त्यांतून आवाज आला तो जेमतेम:

"माय, तू जित्ती शे?"

मला वाटलं आता अक्का धावेल, तिला उराशी धरेल. ती धावली नाही. खाटेच्या पायथ्याशी टेकली, हात मांडीवर ठेवले, माझ्या उंबऱ्यावर बसली होती अगदी तशी, आणि बोलू लागली.

"बकरीले दोन पिल्ला व्हयनात. दूध बठ्ठं तुन्हासाठे राखी ठेयेल शे."

तेच सगळं. त्याच क्रमाने. लिंबाखालची खाट, नवी दोरी. भावाच्या पायावर पडलेली कुऱ्हाड, नाहीतर रांगत आला असता. पाचोऱ्याचं वऱ्हाड. पदरातला कांदा, आणि इथे तिने खरोखरच पदराची गाठ सोडून कांदा तिच्या हातात दिला. मी दाराशी उभी राहून ते कार्ड दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं लक्ष वरणाकडे होतं. आता कळत होतं की त्यात बकरी कुठेच नव्हती. बकरी म्हणजे, तू अशक्त असशील, तुझ्या दुधाची सोय झाली आहे. खाट म्हणजे, इथे तुला कुणी कामाला उठवणार नाही. कुऱ्हाड म्हणजे, तुला आणायला कुणी आलं नाही म्हणून तुझा मान कमी झाला असं समजू नको. ती एक गोष्ट दोनदा सांगत होती कारण पहिल्यांदा सांगितलेलं भेदरलेल्या माणसाच्या कानात जात नाही. मी फोलपट म्हणून जे उडवलं होतं त्यातच दाणा होता.

पांढऱ्या कानाच्या पिल्लापाशी अक्का पोचली तेव्हा मुलगी रडू लागली. मोठ्याने, हेल काढून. नर्सबाई धावत आल्या, अक्काने त्यांना हाताने थांबवलं आणि बोलणं चालू ठेवलं. रडणं ओसरल्यावर मुलीने टोपलीकडे हात केला.

डॉक्टरांनी बाळाला आठ दिवस धोक्याचे सांगितले होते. ते आठ दिवस मी गावात कसे काढले ते लिहायला गेले तर पुन्हा पाल्हाळ होईल, आणि या वेळी मला तो करायचा नाही, कारण त्या दिवसांना आत काही नव्हतंच. भाकरी थापताना, झाडताना, यांचं धोतर धुताना, नुसती भीती. गल्लीत जरा कुणाचा आवाज चढला की मी दार लावून घेई. पण मूल जगलं. आठव्यातलं, कापसातलं, आणि बकरीच्या दुधाचं बोट चाटून जगलं.

सव्वा महिन्याने मुलगी सासरी निघाली तेव्हा मी तिच्या पाया पडले. वयाने ती माझ्याएवढीच, पण पडले. तिने मला उठवलं आणि म्हणाली, "तू गोड लिखस. पन मन्ही मायनं नको लिखू." माझ्या आईचं तू लिहू नको, हे ती रागाने नाही म्हणाली. म्हणून ते जास्त लागलं.

पण पुढच्याच महिन्यात अक्का कोरं कार्ड घेऊन माझ्या उंबऱ्यावर आली. मी म्हटलं, तुमच्या मुलीने मला मना केलंय. ती म्हणाली, मग आता शिक. आणि मी शिकले. सोपं नव्हतं. सुरुवातीला मी अक्काची बोली उतरवायचे तेव्हा ती वाचताना नकलेसारखी वाटायची, गावठी बाईची चेष्टा केल्यासारखी. शब्द तिचे असायचे आणि कान माझे. कार्डं फाडली, यांच्या शिव्या खाल्ल्या. हळूहळू लक्षात आलं की तिने श्वास कुठे घेतला ते पकडायला हवं, शब्द मग आपोआप जागेवर बसतात. कडेकडेने लिहायला लागले. पत्त्याच्या बाजूलाही घुसले. एकदा मुलीकडून निरोप आला की कार्ड वाचताना माय घरात आल्यासारखी वाटली. तशी दाद मला पुढे कुणाकडून मिळाली नाही.

सहा वर्षांनी, पुन्हा उन्हाळा, आखाजीच्या आधी. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, त्यांतही एकच ओळ दहा वेळा येते आणि आता मला तिचा कंटाळा येत नव्हता. अक्का तापाने निजून होती. या वेळी मीच कार्ड घेऊन तिच्याकडे गेले. मी म्हटलं, तब्येतीचं लिहू ना? ती नाही म्हणाली. "लांबलचक लिख. नहीतं ती भ्यायी जाई." आणि धाप लागत असताना, मध्ये मध्ये डोळे मिटत, तिने मला सगळं सांगितलं. बकरीचं, झोक्याच्या दोराचं, लिंबाला आलेल्या मोहराचं, नातीसाठी घेतलेल्या परकराचं. घाई नको, आखाजीच्या आदल्या दिवशी आलीस तरी चालेल. मी अक्षरन्‌अक्षर लिहिलं. कार्डाला सुई टेकायला जागा ठेवली नाही.

कार्ड टाकलं त्याच्या चौथ्या दिवशी अक्का गेली. खबर द्यायला माणूस धुळ्याच्या रस्त्याने मोटारीने गेला. आणि मुलगी, कार्डाने हुरूप आल्यामुळे, आखाजीची वाट न बघता आगगाडीने निघाली होती. दोघांची चुकामूक झाली.

मला ते कसं कळलं? मी ओट्यावर बसले होते आणि ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. डोक्यावर गाठोडं, हाताला सहा वर्षांची मुलगी, दोघी कशाला तरी हसत होत्या. अशा चालीने कुणी मरणाघरी येत नाही. मला कळलं की तिला माहीत नाही, आणि तिला माहीत नाही ते माझ्यामुळे, मी या वेळी इतकं छान लिहिलं म्हणून. फाट्यावर मोटारीची वाट बघताना वाटली होती त्याहून जास्त भीती मला तिच्या त्या हसण्याची वाटली. तिची पावलं मी मोजत होते. तिने लांबूनच मला विचारलं, "माय कोठे शे?" आणि जिने चार ओळींत सगळं बसवलं होतं तिला एक शब्द काढता येईना. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग समोरच्या अंगणाकडे, तिथे लिंबाखाली बायका मुकाट बसल्या होत्या. गाठोडं तिच्या डोक्यावरून सरकून खाली पडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. कमरेच्या पिशवीतून तिने ते कार्ड काढलं, घामाने जरा मऊ झालेलं. मला वाटलं आता ती माझ्या अंगावर फेकेल, आणि मी त्याला तयार होते. ती उंबऱ्यावर बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "वाची दाव. बठ्ठं."

मी वाचलं. कार्ड फिरवत फिरवत, कडा, कोपरे, पत्त्याच्या बाजूला घुसलेला लिंबाचा मोहरसुद्धा. जिथे अक्काला धाप लागली होती तिथे मीही थांबले. एक शब्द गाळला नाही. संपल्यावर तिने समोरच्या भिंतीकडे बघितलं.

"आखो वाच," ती म्हणाली.

मी कार्ड सरळ केलं आणि पुन्हा श्रीपासून सुरुवात केली.